डोक्यावरचें छत

तास लांबला म्हणजे कंटाळलेल्या विद्यार्थ्याची दृष्टि जिकडे हमखास वळते, ती जागा म्हणजे छत. परंतु रोज दिसणाऱ्या या वस्तूच्या नांवाकडे आपण क्वचितच लक्ष देतों.

आपल्या भाषेंत तिला नांवें अनेक आहेत. जुन्या वाड्यांतून तुळयांवर कड्या व कड्यांवर फळ्या घालीत, तो कडीपाट. फळ्यांनीं मढविलेली ती तक्तपोशी. हा शब्द फारशींतून आला. त्याचा पूर्वार्ध आपल्या ‘तक्त्या’चा भाऊबंद, आणि उत्तरार्धांतील ‘पोश’ म्हणजे झांकणें. तोच पोशाख व पलंगपोस या शब्दांतही आहे. ‘छत’ मात्र संस्कृत ‘छद्’, म्हणजे झांकणें, या धातूच्या कुळांतलें. छत्र, छत्री, आच्छादन हे त्याचे आप्त होत.

यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ सालच्या कोशांत अशी नोंद आहे कीं, गवती व कौलारू घरांत चौकटीवर ताणून चुना दिलेल्या जाड सुती कापडास हिंदुस्थानांतील इंग्रज ‘छत’ म्हणत.

याच कुळांत आणखी दोन शब्द आहेत. एक ‘छद्म’, म्हणजे कपट. दुसरा ‘छात्र’, म्हणजे विद्यार्थी. पतंजलीच्या महाभाष्यांत गुरूला छत्र म्हटलें आहे: गुरूनें शिष्याला छत्राप्रमाणें आच्छादावें आणि शिष्यानें गुरूला छत्राप्रमाणें जपावें. काशिकावृत्तींत मात्र गुरूचीं छिद्रें झांकतो तो छात्र, असा अर्थ दिला आहे.

शिक्षक या नात्यानें मला पहिला अर्थ अधिक मानवतो. विद्यार्थ्यांनो, शिक्षकाचें बोलणें चुकीचें वाटलें तर आदरानें विचारा. गप्प राहून तें झांकूं नका. पालकांसही माझी हीच विनंति आहे. मुलानें नक्कल केली असतां ‘त्याला बरें नव्हतें’ अशी चिठ्ठी पाठविणें हें छत्र नव्हे, छद्म होय. त्याच्याजवळ बसून तो धडा पुन्हा करवून घेणें, हें छत्र.

कौलें फुटलीं असतां खालीं नवें कापड ताणलें तर डाग दिसेनासा होतो. पाऊस थांबत नाहीं. त्यासाठीं कोणीतरी शिडी लावून वर चढावेंच लागतें.