खर्जाचा श्रीगणेशा

पन्नाशी उलटल्यावर गृहस्थाने गीतेचे वर्ग चालवावे, गच्चीत गुलाब लावावे, फार तर पेटीवर दोन भजने बसवावी, येथवर समाजाची संमती असते. परंतु त्याने एकाएकी सहा फूट उंचीचे विलायती वाद्य घरी आणून त्याच्यापुढे नवशिक्याप्रमाणे उभे राहावे, याला कोणत्याच शास्त्राचा आधार सापडत नाही. आमच्या घरी डबल बेस आला तेव्हा शेजारच्या आजींनी जिन्यातच विचारले, "कपाट केवढ्याला पडलं?" आमच्या सौभाग्यवतींनी त्याचे नाव 'पाहुणे' असे ठेविले आहे, कारण ते आल्यापासून दिवाणखान्यातील एका खुर्चीला व तिवईला माळ्यावर वास्तव्य करावे लागत आहे. आणि गंमत अशी, की हे वाद्य पूर्ण मापाचे नव्हेच! तीनचतुर्थांश मापाचे आहे, आणि जगातील बहुतेक वादक हेच माप वापरतात.

हा उद्योग आम्ही का आरंभिला, याचे उत्तर कानाच्या डॉक्टरांच्या एका आलेखात आहे. गेली अठ्ठावीस वर्षे आम्ही महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहो. दोन वर्षांपूर्वी मागल्या बाकांवरून येणारे प्रश्न अर्धवट ऐकू येऊ लागले. 'स' आणि 'फ' यांतला भेद पुसट झाला. डॉक्टरांनी कागद पुढे सरकविला. त्यावरील रेषा डावीकडे, म्हणजे खालच्या स्वरांच्या बाजूस, सपाट होती. उजवीकडे, उंच स्वरांच्या बाजूस, ती सह्याद्रीच्या कड्यासारखी तुटून खाली आली होती. वाढत्या वयात प्रथम उंच स्वरच जातात आणि गेलेले परत येत नाहीत, हे त्यांनी सौम्य शब्दांत सांगितले. यंत्र लावल्याने बोलणे कळेल, संगीताची मात्र हमी देता येत नाही, असेही म्हणाले. ज्याने तरुणपणापासून व्हायोलिनवर जीव टाकिला, त्याला हा निकाल कसा वाटला असेल हे वाचकांनीच ताडावे.

त्यानंतर काही महिन्यांनी मुंबईस सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या वादनास गेलो. २००६ साली स्थापन झालेला हा वाद्यवृंद आम्ही अनेकदा ऐकला होता. त्या संध्याकाळी व्हायोलिने आम्हाला धुतलेल्या शाईसारखी फिकी वाटली. परंतु मागे उभ्या असलेल्या बेसांचा एकही स्वर हरवला नाही. तो कानांइतकाच पायांच्या तळव्यांतून वर येत होता. बेथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीच्या (१८२४) अखेरच्या भागात, मानवी कंठ उमटण्यापूर्वी, चेलो आणि बेस एखाद्या वक्त्याप्रमाणे बोलू लागतात. ज्याचे कान जवळजवळ पूर्ण गेले होते त्याने पहिला शब्द बोलण्याचा मान या वाद्यांना द्यावा, याचा विचार परतीच्या गाडीत आमची पाठ सोडीना.

इटलीचा बोत्तेसिनी (१८२१–१८८९) लहानपणी मिलानच्या संगीतविद्यालयात गेला, तेव्हा म्हणे बसून आणि डबल बेस या दोनच वाद्यांच्या जागा मोफत शिक्षणासाठी शिल्लक होत्या. त्याने बेस घेतला, आणि पुढे त्यावर जे केले त्याने युरोप थक्क झाला. १८७१ साली कैरोस 'आयदा' या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला, त्याचे संचालनही त्यानेच केले. त्याच्यापुढे जशा दोनच जागा रिकाम्या होत्या, तशी आमच्या कानांत एकच उरली होती.

आमचे मास्तर गोव्याचे. पंचाहत्तरी ओलांडलेले. चर्चच्या शाळेत स्वरलेखन व व्हायोलिन शिकून ते मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. पुढे यंत्रांनी वादकांची गरज कमी केली तेव्हा पुण्यास येऊन राहिले. हिंदी चित्रपटगीतांच्या सोन्याच्या काळातील कितीतरी वाद्यमेळ अशा गोवेकरांच्या हातांनी उभा राहिला आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे तबकडीवर कधी छापली गेली नाहीत, ही आपल्या रसिकतेला शोभणारी गोष्ट नव्हे.

पहिला महिना मास्तरांनी डावा हात खिशात ठेवावयास लाविला. केवळ चार मोकळ्या तारा: ई, ए, डी, जी. व्हायोलिनच्या शेजारच्या तारांत षड्ज-पंचमाचे अंतर असते, येथे षड्ज-मध्यमाचे. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ४१ कंपने करते. पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तारही तिच्यापुढे उंच ठरावी. या स्वराची हवेतील लाट आठ मीटरांहून लांब असते, आणि एवढे थोरले लाकडी पोटही तिला पुरते पडत नाही. मूळ स्वर क्षीणच निघतो. वरच्या उपस्वरांवरून कान त्याची पूर्तता करून घेतो. सुदैवाने ते उपस्वर आमच्या आलेखाच्या सपाट प्रदेशात पडतात.

गज धरण्याच्या दोन रीती आहेत. फ्रेंच रीतीत हात वरून येतो. जर्मन रीतीत तो बाजूने, काहीसा करवत धरल्यासारखा, जातो. पहिलीने आमचा अंगठा दुखू लागला म्हणून मास्तरांनी दुसरी दिली. "प्रोफेसरसाहेब, दाबू नका," ते दर धड्यास म्हणतात, "हाताचं वजन तारेवर सोडा. मग ती आपण बोलते." गजाची राळ व्हायोलिनच्या राळेहून मऊ व चिकट असते, पुण्याच्या एप्रिलात ती डबीतल्या डबीत काकवीसारखी पसरते.

डाव्या हाताची शिस्त मात्र कठोर. व्हिएन्नाचे शिक्षक फ्रान्झ सिमांडल (१८४०–१९१२) यांनी घालून दिलेल्या पद्धतीत खालच्या स्थानांवर पहिले, दुसरे व चौथे बोट चालते. तिसरे करंगळीच्या मदतीस उभे राहते. पंजा पुरता ताणावा तेव्हा कोठे सा ते रे एवढे अंतर पदरात पडते. पेटीवर ज्याला दोन पांढऱ्या पट्ट्या पुरतात त्यासाठी येथे संपूर्ण हात खर्ची पडतो! शिवाय सतारीसारखे पडदे नाहीत. स्वराची जागा दर वेळी नव्याने शोधावयाची.

ही शोधाशोध आम्हाला अपेक्षेहून सुखाची झाली आहे. वाद्याची कड आपल्या अंगाशी टेकलेली असते. मास्तर आपल्या बेसवर तोच स्वर धरतात, आणि आमचा किंचित ढळला असला तर दोन्ही मिळून हवेत एक डुचमळ सुरू होते. ती बरगड्यांनाही कळते. बोट केसभर सरकविले, की डुचमळ मंदावते, मंदावते आणि थांबते. वर्गात "पुन्हा बोला" असे दिवसातून दहा वेळा म्हणावे लागणाऱ्या मनुष्याला, कोणालाही काही न विचारता, खरे काय हे छातीशी कळावे! एके सकाळी सौभाग्यवती चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "अहो, आज भांडी वाजली नाहीत फडताळातली," त्या म्हणाल्या, "पण आवाज काल होता त्याहून मोठा होता." मास्तरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी धडा अर्धा तास लांबविला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

कानांची पुढील तपासणी दिवाळीनंतर आहे. तोवर जी मेजरचे एक सप्तक, ई तारेवरील तिसऱ्या स्वरापासून वर, अर्ध्या गतीने पुरे करावयाचे असे मास्तरांनी ठरविले आहे. सध्या आम्ही पाचव्या स्वरापर्यंत पोहोचलो आहो.