परसातील हिरवळ

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील कोरड्या प्रदेशात परसदारी कृत्रिम हिरवळीचे क्रीडांगण घालावयाचे, तर आरंभ माती उकरून टाकण्यापासून होतो. मातीच्या जागी खडी येते. ती दाबून घट्ट केली जाते, पाणी वाहून जावे म्हणून तिला किंचित उतार दिला जातो. मग प्लॅस्टिकच्या पात्यांचे गालिचे उलगडतात, सांधे चिकटवले जातात आणि पात्यांत वाळू भरली जाते.

या हिरवळीची पूर्वकथा अर्थपूर्ण आहे. १९६५ साली ह्यूस्टनचे आच्छादित क्रीडागार, अॅस्ट्रोडोम, खुले झाले. पारदर्शक छतातून येणाऱ्या प्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपू लागले. म्हणून छत रंगवले गेले आणि खालचे गवत मेले. १९६६ मध्ये तेथे कृत्रिम हिरवळ अंथरण्यात आली. खेळाची सोय आणि गवताचे जगणे यांतून एकाची निवड करावी लागली, ती अशी.

परसात तीच निवड लहान प्रमाणावर घडते. पाण्याच्या दुर्भिक्षात तिला निव्वळ हौस म्हणणे अन्यायाचे होईल. चेंडूही सर्वत्र सारखा उसळतो. परंतु भर उन्हात ही हिरवळ खऱ्या गवताहून कितीतरी अधिक तापते. आणि आणखीही काही हरवते. मराठीतील ‘परस’ या शब्दाला अळवाची ओल आहे: घरातले सांडपाणी तेथे कोणाच्या तरी मुळाशी पोचते. नव्या परसातली जमीन घराकडे काहीच मागत नाही. जी काही मागत नाही, तिच्याशी खेळता येते. नाते मात्र जडत नाही.