सावली आधी

सेंच्युरियन रणगाड्याचं किट जोडून झालं, सांधे पॉलिश पेपरने घासून झाले, की मी त्याला काळं अस्तर देतो. पट्ट्यांखाली, तोफेच्या बुडाशी, कुठे म्हणून फिकट प्लास्टिक शिल्लक ठेवत नाही. अस्तर वाळलं, की दुपारचं ऊन जिकडून पडेल तिकडून, म्हणजे माथ्यावरून, पांढऱ्याचा विरळ फवारा. वरच्या पाठी उजळतात, खालच्या कपारी काळ्याच राहतात. एवढं झाल्यावर मग ऑलिव्ह हिरवा, तोही दुधासारखा पातळ करून, थरावर थर. हिरव्याखालचं काळं शेवटपर्यंत पुरतं बुजत नाही. मॉडेल करणारे याला प्री-शेडिंग म्हणतात. सावली आधी घालायची, रंग मागून, हा क्रमच मला या छंदात सगळ्यात सुंदर वाटतो.

आमच्याकडे कोरेगावात श्रावणात गणपती रंगवणाऱ्यांकडे जावं, तर तिथे नेमकं उलट चाललेलं असतं. पांढरा हात, त्यावर अंगाचा रंग, आणि मग कॉम्प्रेसरच्या गनने पीतांबराच्या चुण्यांत, बोटांच्या बेचक्यांत, सोंडेच्या वळ्यांखाली शेड. ते ज्या हलक्या मनगटाने शेड मारतात, तो हात मला अजून साधायचा आहे. पण त्यांचा क्रम त्यांच्या कामाला शोभतो. मूर्ती नवी कोरी, तेजस्वी दिसायला हवी. तिच्या कांतीखालून काळं डोकावून चालणार नाही. देवाला वय नसतं. रणगाड्याला असतं.

पण ज्या वस्तूला उंची, खोली, सगळं आहे, तिची सावली मुळात रंगवायचीच कशाला? उत्तर मापात आहे. 1/35 प्रमाणात साडेसात मीटरचं रणगाड्याचं धूड वीतभर होतं, शिपाई पाच सेंटिमीटरचा. खऱ्या यंत्रावरची दोन सेंटिमीटरची फट इथे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची उरते, आणि ट्यूबलाइटच्या चौफेर उजेडात एवढ्याशा फटीत काळोख काही धरत नाही. आकार लहान करता येतो, पण घरातल्या दिव्याला माळावरचं ऊन करता येत नाही. ते रंगाने भरून काढावं लागतं. हेच गणित रंगाच्या जाडीलाही लागू आहे. केसाच्या जाडीचा थर दिला, तर खऱ्या रणगाड्यावर तो दोन-अडीच मिलिमीटर जाड लेप झाला, आणि बोल्टची डोकी त्यात बुडालीच समजा. म्हणून रंग पातळ हवा, आणि धीर भरपूर.

रहिमतपूरवरून पुढे औंधला गेलं, की हे सगळं फार नीट समजतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेल्या त्या संग्रहालयात राजा रविवर्म्याचे कॅनव्हास आहेत आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं एक शिल्पही आहे. शिल्पाला सावली उसनी घ्यावी लागत नाही. खोलीतला उजेड ती घडवतो. चित्र सपाट, त्यामुळे त्यातली सगळी सावली चित्रकाराच्या हातची. आमचं मॉडेल या दोघांच्या मधलं आहे. रूप शिल्पाचं, पण उजेड चित्राकडून घ्यावा लागतो. आणि रविवर्म्यासमोर उभं राहून लुगड्याच्या निऱ्या जवळून पाहिल्या, की आणखी एक गोष्ट कळते. निरीच्या खोलीत काळा रंग नाही. लुगड्याचाच रंग तिथे गडद होत गेला आहे.

म्हणून वॉशसाठी, म्हणजे फटींत ओघळू द्यायच्या पातळ रंगासाठी, मी निव्वळ काळा वापरत नाही. बर्न्ट अंबर तैलरंगाचा ठिपका टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा. खालचा हिरवा ॲक्रिलिकचा असावा आणि वर चकचकीत व्हार्निशचा हात असावा, म्हणजे टर्पेंटाइन रंगाला चावत नाही. मग बारीक ब्रशचं टोक बोल्टच्या बुडाशी नुसतं टेकवायचं. रंग ब्रश सोडतो आणि आपल्या पायांनी बोल्टभोवती फिरून येतो, उरलेला फटीतून पुढच्या बिजागरीपर्यंत धावतो. हे पाहताना दर वेळी माझा श्वास थांबतो. जरा सुकलं, की टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने जास्तीचं वरून खाली पुसायचं. पावसाचं पाणी ज्या दिशेने ओघळेल, त्याच दिशेने. आडवा हात मारला, की सगळं खोटं पडतं.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात खरा सेंच्युरियन उभा आहे. 1994 मध्ये सुरू झालेल्या त्या आवारात मी आकार पाहायला जातो, झीज पाहायला नाही. तिथले रणगाडे निगुतीने रंगवलेले असतात. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सप्टेंबर 1965 मध्ये सियालकोट आघाडीवर सेंच्युरियनमधूनच लढले, तिथेच पडले, आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या लढाईतला रणगाडा करायचा, तर त्याच्या पट्ट्यांत आमच्या वासना नदीकाठची काळी माती भरून चालणार नाही. तिकडची गाळाची, फिकट भुरी. माणसं जिथे पडली, तिथली माती तरी खरी असावी, याबाबतीत मी फार हट्टी आहे.

झीज शिकायला मात्र कोरेगाव सोडावं लागत नाही. हंगामात उसाच्या ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेवर रांगेने उभ्या असतात. फाळक्याच्या कडीखाली चंद्रकोरीएवढा रंग उडालेला, कारण कडी तिथेच आपटते. वायररोप घासतो त्या काठावर लोखंड चकाकतं. तिथे गंज नाही, रोजच्या घासण्याने तो धरतच नाही. गंज बसतो बाजूच्या वेल्डिंगवर, आणि तिथून खाली तांबूस ओघळ. ऊसतोड मजूर पाय देऊन वर चढतो, ती एकच पट्टी गुळगुळीत. रंग कुठून जावा हे कोणाचा हात किंवा पाय कुठे लागतो यावर ठरतं, आणि किटवर स्पंजच्या तुकड्याने टवके उठवताना मी तेवढंच विचारतो. मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्यावर साडेतीन सेंटिमीटर. हात तिथेच आवरावा लागतो.

अशा ट्रॉलीचं किट जगात कोणी काढलेलं माझ्या पाहण्यात नाही. टेपने माप घेऊन ठेवलंय: साडेतीन मीटरच्या हौद्याला दहा सेंटिमीटरचा प्लास्टिक शीटचा तुकडा, वायररोपला तांब्याची पिळलेली तार, आणि सगळ्याच्या खाली, पहिल्यांदा, काळं अस्तर.