ध्वनिफितीची दुसरी बाजू

पुण्यात एखाद्या दिवंगत गवयाचे चार चाहते एकत्र आले आणि पुढे चहा ठेवला गेला, की थोड्याच वेळात एक प्रश्न हमखास निघतो : "तुमच्याकडे त्यांचं काय आहे?" या प्रश्नातील 'काय' म्हणजे बाजारात मिळणाऱ्या ध्वनिमुद्रिका नव्हेत. त्या प्रत्येकाकडे असणारच, असे गृहीत असते. 'काय' म्हणजे जे कधी प्रकाशित झाले नाही ते : कुणाच्या दिवाणखान्यातली बैठक, कुठल्या गावच्या गणेशोत्सवातले गाणे, व्यासपीठाच्या कडेला बसून कुणी टेपरेकॉर्डरवर घेतलेली रात्र. आम्ही दोघे एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. गाण्यातले शास्त्र आम्हांला बेताचेच कळते. तरीही गेली वीस वर्षे या मंडळींत आमची ऊठबस आहे. तिथे जे चालते ते आमच्या विषयाच्या फार जवळचे आहे, असे आम्हांला पहिल्यापासून वाटत आले.

कारण ही मंडळी नकळत पाठचिकित्साच करत असतात. एकाच मैफलीच्या तीन प्रती तीन घरांत निघतात. एकीत आरंभीची नोमतोम नाही, दुसरीत शेवटची भैरवी नाही, तिसरी सबंध आहे पण प्रतीवरून केलेल्या प्रतीची प्रत असल्यामुळे तिच्यात तंबोऱ्यापेक्षा खरखर मोठी. मग तबल्याच्या बाजावरून साथीदार ओळखायचा, साथीदारावरून साल ठरवायचे. एखादी फीत वेगात सुमारे सहा टक्के चढली की काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर जाऊन बसतो. त्यामुळे 'त्या काळात त्यांची पट्टी कोणती होती?' यावर तास तास वाद होतो. भांडारकर संस्थेत सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताची शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. ते काम १९६६ साली पूर्ण झाले. त्याच शहरात, तितक्या शिस्तीने नसले तरी तितक्याच हट्टाने, हे दुसरे ताडून पाहणे चालू असते. एम. ए.च्या वर्गात पाठभेद शिकवताना आम्ही ज्ञानेश्वरीची एकनाथांनी सिद्ध केलेली प्रत सांगतो. आणि विद्यार्थ्यांचे डोळे मिटू लागले, तर या मंडळींची गोष्ट सांगतो.

या भुकेला कारण आहे. गौहरजानने १९०२ साली कलकत्त्यात तबकडीसाठी गाणे दिले, तेव्हापासून जवळजवळ अर्धशतक आमचे संगीत तीन-साडेतीन मिनिटांच्या मापाने नोंदले गेले. तासभर उलगडणारा राग तेवढ्या जागेत बसवणे, म्हणजे कादंबरीचा मलपृष्ठावरचा मजकूर तेवढा जपून ठेवणे. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. पण त्यांची मैफल कशी होती हे त्या साडेतीन मिनिटांवरून कसे कळावे? आणि ज्यांची साडेतीन मिनिटेही नाहीत त्यांचे काय? पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणारे भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, ते मागे एकही तबकडी न ठेवता. त्यांचे गाणे आता फक्त शिष्यांच्या गळ्यांत आणि वृद्धांच्या आठवणींत उरले, आणि आता ते वृद्धही नाहीत. पुढे स्पूल आले, मग कॅसेट आल्या आणि लोकांनी अधाशासारखे मुद्रण केले. त्यातले काही पुण्याच्याच अलूरकर म्युझिक हाउसने रीतसर प्रसिद्धही केले. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे पाहिले नव्हते असे शरच्चंद्र आरोलकरांसारखे गवई आम्हांला कर्वे रस्त्यावरच्या त्या कॅसेटींमुळे घरी ऐकता आले. परंतु बहुतेक मुद्रण कपाटांत राहिले आणि दर पावसाळ्यात त्यावर थोडी थोडी बुरशी चढत गेली.

असेच एक कपाट तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. ज्यांच्याकडे आम्ही साहित्यशास्त्र शिकलो ते सर वारले, आणि महिन्याभराने काकूंनी फोन करून सांगितले, "तुम्ही दोघं येऊन त्या कॅसेटी घेऊन जा. माझ्याच्यानं त्या टाकवणार नाहीत आणि लावताही येणार नाहीत." एकशे चौदा कॅसेटी होत्या. सरांच्या बारीक अक्षरात प्रत्येकीवर राग, ताल, दिनांक. एकीवर मात्र फक्त '१९८७, घरी' एवढेच होते.

ती कॅसेट आम्ही लावली तेव्हा फीत दुसऱ्या बाजूच्या आरंभाशी थांबलेली होती. म्हणून तीच बाजू आधी ऐकली. पहिल्या दोन मिनिटांतच आम्ही एकमेकांकडे पाहिले. गायिकेचा आवाज ओळखण्यात चूक होणे शक्य नव्हते. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही, त्याचे कारण पुढे येईल. त्यांच्या प्रकाशित ध्वनिमुद्रिका मोजक्या, आणि त्यांत बागेश्री नाही. येथे बागेश्री होता, विलंबित तीनतालात, मधूनच सुरू झालेला. फीत इतकी वर्षे गुंडाळलेली राहिल्यामुळे एका थरावरचा नाद शेजारच्या थरावर उमटला होता. शांत जागी स्वर लागण्याआधी त्याची सावली ऐकू येत होती. आमच्या मंडळींत ध्वनिमुद्रण स्वच्छ करण्यात वाकबगार असे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे आम्ही त्यातला दहा मिनिटांचा तुकडा दिला. आठवड्याने त्यांनी तो परत दिला, तेव्हा सावली गेली होती, खरखर गेली होती. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाचा आवाज, कपबशीची किणकिण, आणि सम गाठल्यावर कुणीतरी अगदी खालच्या स्वरात म्हटलेले 'अहाहा', हेही गेले होते. "श्रोत्यांचा व्यत्यय पूर्ण काढला," ते अभिमानाने म्हणाले. ते 'अहाहा' सरांचे होते.

मग आम्ही पहिली बाजू ऐकली. तिच्या आरंभी तंबोरे जुळत आहेत. सर विचारतात, "हे चालू ठेवलं तर चालेल ना?" क्षणभर काही नाही. मग त्या बाई म्हणतात, "घरच्यांसाठी असू दे. बाहेर जाता कामा नये." सर "नाही जाणार" असे म्हणतात, आणि तंबोरा पुन्हा वर येतो.

तोवर ते दहा मिनिटांचे बाहेर गेलेले होतेच. स्वच्छ करणाऱ्या गृहस्थांनी ते एकाला ऐकवले होते, त्याने दुसऱ्याला सांगितले होते, आणि आम्हांला फोन येऊ लागले. त्यांत लोभी कुणीच नव्हते. एका निवृत्त शिक्षकांनी त्या बाईंना ऐकण्यासाठी तरुणपणी कोल्हापूरपर्यंत प्रवास केला होता. "मी आता किती वर्षं ऐकणार?" असे ते म्हणाले, तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्यांचा युक्तिवाद बिनतोड होता : असे वचन पाळणारे पाळत बसले असते तर निम्मा इतिहास बुरशीने खाल्ला असता.

आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला ही हकिगत कळली. तो रॉक संगीताचा वेडा आहे. त्याने आम्हांला त्याच्या जगातल्या गोष्टी सांगितल्या. बॉब डिलनने १९६७ साली साथीदारांबरोबर एका तळघरात सहज गाऊन ठेवलेली गाणी १९६९ पासून चोरून विकली जाऊ लागली. अधिकृत संच निघाला १९७५ साली आणि समग्र निघायला २०१४ उजाडले. बीटल्सच्या १९७० च्या 'लेट इट बी'वर चढवलेला वाद्यवृंदाचा साज उतरवून २००३ साली तीच गाणी पुन्हा 'उघडी' काढली, आणि खरी कोणती यावर चाहते अजून भांडतात. ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाने तर १९८४ पासून मैफलीत मुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी वेगळी जागाच ठेवली. देवाणघेवाण करा, विक्री करू नका, एवढीच अट. "तुमच्या बाईंनीही अटच घातली होती ना, सर?" तो म्हणाला. "मग आता ती अट हाही ध्वनिमुद्रणाचाच भाग झाला." पोराने परीक्षेत असे एक वाक्य लिहिले असते, तर आम्ही त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आम्ही कायदाही पाहिला. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकांना स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. खासगी उपयोगासाठी केलेल्या मुद्रणाला त्यातून सवलत आहे. पण खासगी म्हणजे किती घरे, आणि घरच्यांत कोण कोण, हे कायद्यात कुठे लिहिलेले असणार?

येथे आमची स्वतःचीही कबुली दिली पाहिजे. एम. ए.ला असताना एका काकांनी विश्वासाने ऐकायला दिलेल्या कॅसेटची आम्ही रातोरात प्रत केली आणि चार मित्रांना वाटली. आपण संगीताची सेवा करत आहोत असेच तेव्हा वाटले होते. काही वर्षांनी तीच मैफल दुसऱ्या एका शहरात आम्हांला ऐकवण्यात आली : राग चुकीचा, साल चुकीचे, आणि गाणारा भलताच. म्हणजे आम्ही वाटलेला पाठच भ्रष्ट होऊन परत आला होता. काकांना हे आम्ही कधीच सांगितले नाही. आता ते नाहीत. आणि अभ्यासक म्हणूनही आम्ही कुठे निराळे आहोत? कवी गेला की त्याच्या वह्यांवर आमचा डोळा असतो. त्याने खोडलेली ओळ वाचता आली की आम्हांला न खोडलेल्या ओळीहून जास्त आनंद होतो. खोडणे हाही त्याचा निर्णय होता, हे शोधनिबंधाच्या तळटीपेत येते, मनात फारसे येत नाही.

शेवटी आम्ही काकूंकडे गेलो. ध्वनिमुद्रण मूळ आहे तसेच, सावलीसकट, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये उतरवून घेतले होते. स्वच्छ केलेला तुकडाही बरोबर होता. आधी तो लावला. काकूंनी ऐकला आणि म्हणाल्या, "गाणं छान आहे. पण हे आपल्या घरातलं वाटत नाही." मग मूळ लावले. रिक्षा गेली, कपबशी वाजली, समेवर 'अहाहा' आले. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सरांना आपला आवाज मुद्रित केलेला आवडत नसे. व्याख्यानांचेही त्यांनी कधी मुद्रण करू दिले नाही. त्यांच्या आवाजाचे एवढेच उरले आहे : एक प्रश्न, एक वचन आणि अकरा वेळा दिलेली दाद. आम्ही मोजले आहे.

प्रती देण्याचा विषय आम्ही काढला तेव्हा काकू म्हणाल्या, "यांनी शब्द दिलाय ना? मग बाहेर नाही जायचं. पण ज्यांना ऐकायचंय त्यांना घरी यायला कुणी बंदी केलीय? त्या दिवशी तरी घरचे असे कोण होते? आले होते ते घरचे झाले."

त्याप्रमाणे आता दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी सदाशिव पेठेतल्या त्या दिवाणखान्यात सतरंजी घातली जाते. दहाएक माणसे येतात. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायचे, एवढा एकच नियम. स्वच्छ करणारे गृहस्थ पहिल्याच वेळी आले. आपल्याकडचा तुकडा पुसून टाकल्याचे त्यांनी आपणहून सांगितले. आम्ही विश्वास ठेवला. दुसरे काय करणार? ते निवृत्त शिक्षक दोनदा येऊन गेले. तिसऱ्या वेळी त्यांचा मुलगा आला. वडिलांनी वर्णन केलेली बोलतान नेमकी कोणती, एवढे त्याला ऐकायचे होते.

ही व्यवस्था टिकणारी नाही, हे आम्हांला समजते. काकूंचे वय झाले आहे. ते घर पुनर्विकासात जाईल. तेव्हा हे ध्वनिमुद्रण एखाद्या संग्रहालयाकडे द्यावे लागेल, आणि देताना पहिल्या बाजूचे पहिले मिनिट कापू नये, एवढे आम्ही लेखी मागणार आहोत. पुढच्या अभ्यासकाने ते ऐकावे आणि मग त्याचे त्याने ठरवावे.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. बागेश्री ऐन रंगात असताना पहिली बाजू संपते. दुसरी सुरू होते तेव्हा मधली दोन-तीन आवर्तने निसटलेली असतात. संगणकावर उतरवताना आम्ही दोन्ही बाजू लगोलग जोडल्या होत्या. पहिल्याच रविवारी त्या जागी काकूंनी हात वर केला. "इथे जरा थांबवा," त्या म्हणाल्या. "यांनी बाजू बदलली तेवढ्यात मी त्यांना पाणी नेऊन दिलं होतं." आम्ही थांबवले. काकू उठून आत गेल्या आणि सर्वांसाठी पाणी घेऊन आल्या.