टाइप थ्री

बॉस, स्वतःचा ब्लड ग्रुप सगळ्यांनाच माहीत असतो. मला माझ्या व्हायरसचाही ग्रुप माहीत आहे. टाइप थ्री!

२०१६ ची गोष्ट. लग्न ठरत होतं. हिमोफिलियाचं तर तिला पहिल्याच कॉफीला सांगून टाकलं होतं. म्हटलं, एकदा सगळ्या टेस्टही करून टाकू. तर हेपॅटायटिस सी पॉझिटिव्ह! ना कावीळ, ना पोटदुखी. हा पठ्ठ्या वीस-वीस वर्षं लिव्हरमध्ये आवाज न करता बसून राहतो. ती एवढंच म्हणाली, ‘‘औषध आहे ना? मग घे.’’

टेन्शन घेतलं ते बाबांनी. ‘‘मीच आणला तो फॅक्टर,’’ म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

त्याचं असं झालं होतं. रक्त गोठवणारा फॅक्टर एट माझ्या अंगात जवळजवळ नाहीच. लहानपणी गुडघा सुजला की बाबा ब्लड बँकेत धावायचे. तिथे मिळायचं क्रायो. प्लाझ्मा गोठवून हळूहळू वितळवला की खाली उरणारा पांढुरका साका म्हणजे क्रायो. एका पिशवीमागे एक रक्तदाता, आणि मला एका वेळी लागायच्या पाच-सहा पिशव्या. त्या बदल्यात बाबांच्या ऑफिसातले, सोसायटीतले काका रांगेनं रक्त द्यायचे. बाबा कौतुकानं म्हणायचे, ‘‘तुझ्या अंगात अर्धी सोसायटी आहे!’’ १९९६ मध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं तेव्हा मात्र त्यांनी चेतक विकली आणि अमेरिकेतला इम्पोर्टेड फॅक्टर आणला. आपण पैसे मोजून पोराला रोग आणला, असं त्यांनी मनात पक्कं करून टाकलं.

मग जीनोटाइपचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी बाबांनाच समोर बसवलं. या व्हायरसचे बरेच प्रकार असतात. अमेरिकेत सर्वांत जास्त टाइप वन, आपल्याकडे टाइप थ्री. ‘‘हा पुरावा नव्हे, अंदाज. पण काका, तुमची बाटली यात नसावी.’’ इम्पोर्टेड फॅक्टर हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून बनायचा. सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला तो घेणाऱ्या पाश्चात्त्य पेशंटपैकी जवळजवळ सगळ्यांना हेपॅटायटिस सी झाला, काहींना तर एकापेक्षा जास्त टाइप. (ब्रिटनमध्ये याची चौकशी २०२४ पर्यंत चालली. फॅक्टर आणि रक्त मिळून ३० हजारांहून जास्त लोकांना लागण, ३ हजारांवर मृत्यू. वाचून झोप उडते.) पण ऐंशीच्या दशकाअखेर फॅक्टरमधला व्हायरस मारायची प्रोसेस रुळली होती. क्रायोवर तसं काही होत नव्हतं. हा व्हायरस सापडलाच १९८९ मध्ये, आणि आपल्या ब्लड बँकांत त्याची सक्तीची तपासणी खऱ्या अर्थानं सुरू व्हायला नवं शतक उजाडलं. तोवर माझं शंभरएक पिशव्या क्रायो घेऊन झालं होतं.

मला वाटलं, बाबा सुटले! घरी आल्यावर त्यांनी जुनी डायरी काढली. प्रत्येक रक्तदात्याचं नाव, तारीख, फोन नंबर. उपकार विसरायचे नाहीत म्हणून लिहिलेलं.

‘‘म्हणजे यांच्यातल्याच कुणाला तरी असेल. आणि त्याला माहीतही नसेल.’’

मी समजावलं, अहो, त्यांचं रक्त बँकेच्या स्टॉकमध्ये जायचं, मला भलत्याच कुणाची पिशवी मिळायची. त्यांना ते माहीत होतं. ‘‘पण ती पिशवीही कुणाची तरी होतीच ना? तो नाही सापडत, हे सापडतील. विचारायला काय जातं!’’

माझ्या गोळ्या सुरू झाल्या. सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर, बारा आठवडे. २०१३ अखेर अमेरिकेत सोफोस्बुविर आलं तेव्हा एक गोळी हजार डॉलरला होती. आपल्याकडे २०१५ पासून जेनेरिक मिळायला लागलं म्हणून माझ्या पगारात भागलं. (२०१८ पासून तर सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतं.) बारा आठवडे संपले, आणखी बारा आठवड्यांनी टेस्ट केली. व्हायरस नाही! गुडघा मात्र तसाच, पाऊस आला की कुरकुरतो.

इकडे बाबांचे फोन चालूच. डायरीतले नंबर सहा आकडी लँडलाईनचे, निम्मे कधीच बंद पडलेले. मग सोसायटीच्या सेक्रेटरीला पकड, जुन्या पेन्शनर मित्राला विचार. ‘‘अहो, शहाण्णव साली तुम्ही माझ्या मुलासाठी रक्त दिलं होतंत... हो हो, मजेत आहे तो. एक छोटी टेस्ट करून घ्याल का?’’

परवा डायरी बघितली. एकोणीस नावांपुढे बरोबरची खूण आहे. एका नावापुढे खूण नाही, फक्त तारीख आणि ‘गोळ्या सुरू’.