ऐकणारा चेहरा

“जरा चालून दाखव, बाळ.”

हे वाक्य सांगताना आई आवाज मुद्दाम जाड करायची. साठच्या दशकातली एक दुपार, बैठकीत अंथरलेली सतरंजी, ताटल्यांतून वाफ सोडणारे पोहे, वर पेरलेलं खोबरं, आणि बघायला आलेल्या सगळ्यांच्या नजरांमधून उंच, किडकिडीत, सावळी आई नव्या साडीच्या निऱ्या सावरत दारापासून खिडकीपर्यंत जाते आहे, खिडकीपासून दारापर्यंत येते आहे. मग सुईत दोरा ओवून दाखवायचा, म्हणजे नजर कळते. चार ओळी वाचून दाखवायच्या, म्हणजे जीभ कळते. पाठमोरं उभं राहायचं, म्हणजे केसांची लांबी कळते. आठवड्याने पोस्टकार्ड यायचं, पत्रिका जुळत नाही. अशी तीन पोस्टकार्डं आली. चौथ्या घरातून होकार आला, ते माझे बाबा. आई हे सगळं हसत सांगायची. पण चालण्याचा भाग आला की तिची नजर आपोआप स्वतःच्या पावलांकडे वळायची.

इतक्या वर्षांनंतरही.

आणि मग, जणू त्याच गोष्टीचा पुढचा भाग असावा तशी, ती म्हणायची, “नूतनला नाही का, लहानपणी सगळे रूपाने डावी म्हणायचे.” आई नूतनबद्दल, म्हणजे सिनेमातल्या त्या नायिकेबद्दल, एकेरीतच बोलायची, मावसबहिणीबद्दल बोलावं तशी. म्हणून मलाही तिला ‘अहो-जाहो’ करता येत नाही.

नूतनही एकदा अशीच चालली होती. मसुरीला. पन्नासच्या दशकाचा आरंभ होता, वय असेल पंधरा-सोळा, आणि ‘मिस मसुरी’चा किताब त्या वर्षी या हाडकुळ्या मराठी मुलीच्या वाट्याला आला. मी ती संध्याकाळ बघितलेली नाही, पण ती माझ्या मनात कधीची घडते आहे. देवदारांवरून खाली उतरत येणारं धुकं, डोंगराच्या उतारावर एकेक करत लागणारे दिवे, स्वेटर-शालींतली माणसं, टाळ्या, आणि त्या टाळ्यांच्या मधोमध एक मुलगी, जिला आजवर कुणी ना कुणी सांगत आलंय की तू फार वाळकी, फार उंच, तुझं रूप काही आईसारखं नाही. आता तीच माणसं सांगतायत की तूच सर्वांत सुंदर. तिने कुणावर विश्वास ठेवला असेल? कालच्या आवाजावर की आजच्या?

मला वाटतं, कुणावरच नाही. तिने नुसतं ऐकून घेतलं असेल.

आईसारखं रूप नाही, असं म्हणणं सोपं होतं, कारण नूतनची आई शोभना समर्थ होती. १९४३च्या ‘रामराज्य’मधली सीता. किती घरांत तिचं चित्र कॅलेंडरवरून उतरून देवघराच्या भिंतीवर गेलं होतं, लोक त्या चेहऱ्यापुढे हात जोडत होते. वडील कुमारसेन समर्थ दिग्दर्शक आणि कवी. ४ जून १९३६ला मुंबईत त्यांच्या घरी जन्मलेल्या या थोरल्या मुलीचं नाव त्यांनी ठेवलं नूतन. ज्या चेहऱ्याला लोक नमस्कार करतात त्याच्या सावलीत वाढणं कसं असेल? घरात आरसा असतोच, शिवाय आईचा चेहरा हा दुसरा आरसा, आणि त्यात आपण कुठेच दिसत नाही.

पण त्याच आईने तिला पडद्यावर आणलं. १९५०च्या ‘हमारी बेटी’त नूतन जेमतेम चौदा वर्षांची होती. पुढच्या वर्षी ‘नगीना’ आला. त्या चित्रपटाला फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं होतं, आणि सांगतात की त्याच्या खेळाला नूतन स्वतः गेली तेव्हा दरवानाने तिला दारातच अडवलं, तुझं वय बसत नाही म्हणाला. आत काळोखात शेकडो अनोळखी डोळे तिच्याकडे बघतायत आणि ती बाहेर, पोस्टरखाली उभी. मला ही गोष्ट तिच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा जास्त जवळची वाटते. आपल्याकडे जग बघतं तेव्हा ते नेमकं काय बघतं, हे त्या वयाच्या मुलीला कधीच कळू दिलं जात नाही. पोह्यांच्या वाफेपलीकडे बसलेल्या माणसांनी काय पाहिलं, ते माझ्या आईलाही कुणी सांगितलं नाही. पत्रिका जुळत नाही, एवढंच.

मग नूतनला स्वित्झर्लंडला शाळेत पाठवलं. परत आली आणि १९५५मध्ये अमिय चक्रवर्तींचा ‘सीमा’ आला. त्यातली गौरी चोरीचा आळ आलेली, पिसाळलेली, दगड मारणारी, काचा फोडणारी पोर आहे. किताबाची मुलगी त्या गौरीत शोधून सापडत नाही. आणि त्याच ‘सीमा’त ती तानपुरा घेऊन बसते आणि जयजयवंती सुरू होते. आवाज लताबाईंचा. पण गळ्याची शीर, तानेसरशी किंचित वर जाणारी भुवई, समेवर येण्याआधीचा तो अर्धा श्वास, हे सगळं नूतनचं. नुसते ओठ हलवून ते साधत नाही. आधी गाणं पुरतं ऐकावं लागतं, इतकं की ते आपल्या छातीतून उठतंय असं वाटावं. ती स्वतःही गायची. १९६०च्या ‘छबिली’त स्नेहल भाटकरांच्या चालींवर तिचाच आवाज आहे.

ऐकणं म्हटलं की मला आठवतो आमच्या वाड्यातला टेलिफोन.

तो तळमजल्यावर मालकांकडे होता, काळा, जड, क्रोशाच्या रुमालाने झाकलेला. कुणाचा फोन आला की मालकीणबाई जिन्याखाली उभ्या राहून हाक मारायच्या. मी नऊ वर्षांची असताना एका सकाळी आईच्या नावाने हाक आली. मी तिच्या पदराला धरून खाली गेले. तिने रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे गावाहून मामा बोलत होता, ट्रंक कॉल होता. आई म्हणाली, “हं.” थोड्या वेळाने म्हणाली, “हं.” मी खालून तिच्याकडे बघत होते. चेहरा हललासुद्धा नाही. पण आतून कुणीतरी एकेक खोलीतला दिवा मालवत जावं, पुढची खोली, मग मधली, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी फक्त देवघरातली समई उरावी, तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर झालं. आत कुकरची शिट्टी झाली. आईने दोन्ही हातांनी रिसीव्हर खाली ठेवला, झोपलेल्या बाळाचं डोकं उशीवर टेकवावं इतक्या हळू. “येते हं,” म्हणाली आणि जिना चढून गेली.

आजोबा गेले होते.

त्यानंतर काही वर्षांनी दूरदर्शनवर ‘सुजाता’ लागला. बिमल रॉय यांचा १९५९चा चित्रपट. ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य जातीची अनाथ मुलगी, आणि ‘मुलगी’ व ‘मुलीसारखी’ या दोन शब्दांमधलं, कितीही चाललं तरी न संपणारं अंतर. त्यात एक प्रसंग येतो. अधीर, म्हणजे सुनील दत्त, टेलिफोनवर गातो. तलत महमूदचा तो मखमली, किंचित थरथरणारा आवाज, सचिनदेव बर्मन यांची चाल. आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला सुजाता. तिला एकही शब्द नाही. रिसीव्हर कानाशी, बस्स. आधी तिला कळतच नाही की हे आपल्यासाठी आहे. मग कळतं. मग आनंद येतो, पण उंबऱ्यावरच थबकतो, आत येऊ का विचारत, कारण या घरात कुठलीच गोष्ट न विचारता तिची झालेली नाही. आणि मग डोळे भरतात, पण ते सुखाने की भीतीने, हे तिलाही सांगता येऊ नये असे.

मी आईकडे वळून बघितलं. आई पडद्याकडे बघत होती, हातातली शेंगांची परात तशीच. मला तो चेहरा ओळखीचा होता. मालकांच्या बैठकीतला, काळ्या फोनसमोरचा. बातमी उलट होती, चेहरा तोच होता. जगात दोन तऱ्हेचे चेहरे असतात हे मला त्या रात्री कळलं. काही चेहरे बघून घेण्यासाठी समोर येतात. काही चेहरे ऐकत असतात आणि आपण त्यांच्याकडे बघतो आहोत याचं त्यांना भानच नसतं.

खरं सौंदर्य त्या भान नसण्यात असतं.

मग मला जिथे तिथे नूतन ऐकतानाच दिसू लागली. १९६३चा ‘बंदिनी’ आठवा. तुरुंगात एक कैदीण जात्यावर दळता दळता गाते. श्रावण आलाय, बाबा, भावाला पाठवा, मला माहेरी न्या. आपल्या ओव्यांत जात्याभोवती पिढ्यान् पिढ्या हेच तर गायलं गेलं, भाऊराया न्यायला येईल म्हणून. इतकं मोठं गाणं, पण ते नायिकेच्या ओठी नाही. कल्याणी ते नुसतं ऐकते, आणि तुरुंगाची ती उंच भिंत तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू चढत जाते. पुढे तो सगळ्यांच्या लक्षात राहिलेला प्रसंग येतो. जिची सेवा ती करते आहे, ती बाई आपल्याला सोडून गेलेल्या माणसाचीच बायको, हे तिला कळलेलं. बाहेर लोखंडावर घण पडतायत. वेल्डिंगचा उजेड तिच्या चेहऱ्यावर उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. कमल बोस यांचा कॅमेरा हलत नाही. ती बोलत नाही. पण घणाच्या प्रत्येक घावासरशी आत काय तुटतंय ते आपल्याला ऐकू येतं, आणि चहात विष जाईपर्यंत आपण श्वास धरून बसतो, तिला अडवण्यासाठी नाही, तिचं दुःख इतकं कळून चुकल्यामुळे.

ती हसलीही भरपूर. ‘पेइंग गेस्ट’, ‘दिल्ली का ठग’, ‘तेरे घर के सामने’, या चित्रपटांतलं तिचं हसू श्रावणातल्या उन्हासारखं, भिजलेल्या पानावर पडणारं. पण आईला आवडायचा तो ‘सौदागर’, १९७३चा. त्यातली माजुबी खजुराच्या रसाचा गूळ करण्यात तरबेज. गूळ विकणारा मोती तिच्याशी लग्न करतो ते तिच्या हातासाठी, त्या हातातून पैसा मिळवतो, आणि त्या पैशातून तरुण, देखणी फुलबानो घरात आणतो. माजुबीला तलाक. मग नव्या घरात गूळ करपत जातो. किताब एकीला, हात दुसरीला. तेव्हा नूतन सदतीस वर्षांची होती, आणि ज्या मुलीने कधीकाळी रूपाची स्पर्धा जिंकली होती तिने रूपासाठी टाकून दिलेली बाई इतक्या शांतपणे उभी केली की बघताना माझा राग येऊन ओसरून गेला. काहिलीजवळ बसलेल्या तिच्याकडे बघत आई म्हणाली होती, “ती रसाकडे बघत नाहीये बघ. पाक ऐकतेय.” संक्रांतीला आईही तसंच करायची. पाक आटत आला की बुडबुड्यांचा आवाज जड होतो. डोळ्यांना कळायच्या आत तो कानांना कळतो.

आयुष्यात नूतनने किती काय ऐकलं असेल. ज्या आईने तिला पडद्यावर आणलं, तिच्याशीच पैशांवरून वाद झाला, तो न्यायालयापर्यंत गेला, मग वर्षानुवर्षांचा अबोला. पुढे ऐंशीच्या दशकात मायलेकी पुन्हा जवळ आल्या. त्या पहिल्या भेटीत कोण काय बोललं, ते मला जाणून घ्यायचं नाही. मला फक्त दोघींमधली बोलण्याआधीची शांतता दिसते. ‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’, ‘मिलन’, आणि बेचाळिसाव्या वर्षी ‘मैं तुलसी तेरे आँगन की’, असे अभिनेत्रीचे पाच फिल्मफेअर पुरस्कार तिने घेतले. १९७४मध्ये पद्मश्री. ज्या वयात नायिकांना घरी पाठवायची रीत होती त्या वयात ती केस पांढरे करून, डोक्यावर पदर घेऊन उभी राहत होती, आणि कॅमेरा अजूनही तिच्याजवळ, तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ येत होता. सुरकुतीलाही काही सांगायचं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

२१ फेब्रुवारी १९९१ला मुंबईत कर्करोगाने ती गेली. चोपन्न वर्षांची होती. संध्याकाळच्या बातम्यांत ते सांगितलं तेव्हा आईने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. “हं,” म्हणाली. एवढंच.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला ऐकू येत नाही. यंत्र लावलं तर कानात वारा भरतो म्हणते, काढून डबीत ठेवते. गेल्या महिन्यात मी तिला ‘सुजाता’ लावून दिला. टेलिफोनचा प्रसंग आला. सवयीने मी आवाज वाढवायला उठले, तर तिने माझा हात धरला.

“राहू दे,” म्हणाली. “तिला ऐकू येतंय ना.”

तो प्रसंग तुम्हीही एकदा बघा, आवाज पूर्ण बंद करून.