ओट्याची उंची कोण ठरवणार?

'इंटिरिअर करतेस? म्हणजे पडदे-बिडदे ना?' माझ्या मैत्रिणीला हा प्रश्न इतक्यांदा विचारलाय की ती आता फक्त हसते. तिचं काम बघायचं म्हणून मी एक अख्खा दिवस तिच्याबरोबर साईटवर काढला. खरं सांगते, पडद्यांचा विषयही निघाला नाही!

सकाळचे वीस मिनिटं प्लायवर भांडण. सिंकखालच्या कपाटासाठी आलेला माल बघून ती खाली बसली, शीट उलटी केली आणि छाप शोधायला लागली. मरीन प्लायवर 'आयएस ७१०' असतं. इथे होतं 'एमआर', म्हणजे दमटपणा सोसेल, पाणी नाही. 'मॅडम, सेमच आहे,' मिस्त्री म्हणाले. वरून लॅमिनेट चढलं की दिसायला सेमच असतं, यार! फरक कळतो तो सिंक गळायला लागल्यावर. दार फुगतं, बंद होत नाही, आणि तोवर सगळ्यांचे चेक वटलेले असतात. शीट परत गेली.

मग कोथरूडचा वन बीएचके. दोघंही आयटीतले, मोबाईलमध्ये फोटोंचा ढीग. आयलंड किचन हवं म्हणे. चारशे स्क्वेअर फुटांत! सासूबाई गावाहून कायमच्या राहायला आलेल्या, दाराशी गप्प उभ्या.

'काकू, स्वयंपाक कोण करणार?'

'मीच की. ही दोघं रात्री नऊला उगवतात.'

मैत्रिणीने टेप काढली. कॅटलॉगमधला ओटा ३४ इंचांचा, काकू पाच फुटांच्या आत. ओटा कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली हवा, नाहीतर पोळ्या लाटताना खांदे वर उचलावे लागतात आणि संध्याकाळी मान धरते. काकूंना हवेत पोळी लाटायला लावली. त्या लाजल्या, पण लाटली! आकडा आला ३१. (आमच्या घरचा ओटा कुणी मापला असेल, असा विचार माझ्या डोक्यात आलाच.)

खरी ठिणगी पडली बाथरूममध्ये. कमोडशेजारी धरायला दांडा हवा, असं ती म्हणाली.

'हॉस्पिटल वाटेल ना,' मुलगा.

'सर, टाइल्स लागायच्या आत भिंतीत पक्का आधार करून घेऊ. नंतर ताप होईल.'

'लूक जाईल हो सगळा. आईला कुठे काय त्रास आहे?'

मैत्रीण गप्प. घर त्याचं, पैसे त्याचे. डेकोरेटरने किती ताणायचं, हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नसावेत. तेवढ्यात काकू म्हणाल्या, 'बसव गं. रात्री उठताना मी नळ धरते.'

मुलाने आईकडे बघितलं. त्याला हे माहीतच नव्हतं.

दांडा ठरला. ब्लॅक मॅट फिनिशमध्ये, लूकसाठी! फीवर मात्र त्याने घासाघीस केलीच, 'नुसती ड्रॉइंग्ज तर आहेत' म्हणत. मैत्रिणीने एक रुपया सोडला नाही. टेप पर्समध्ये टाकली आणि पुढच्या साईटसाठी रिक्षाला हात केला.